अतिसूक्ष्म धागा आणि कामगाराचा श्वास



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धती यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आज मी धाग्यावर बोलणार आहे, आणि तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यावर. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांच्या कृपेने. तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे. पण धाग्यावर पोट भरणाऱ्या माणसांत माझे आयुष्य गेले आहे, आणि त्या अधिकाराने चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

आपला हा परिसर धाग्याचा आणि रंगाचा. १९२५ साली ठाण्यात लोकरीची गिरणी निघाली, तीच पुढे रेमंड या नावाने देशभर गाजली. कल्याणजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन आणि १९५६ पासून शहाडला सेंच्युरी रेयॉन यांनी लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढला. इकडे बाळकुम, कोलशेत, ढोकाळी या गावांच्या शेजारी रंगांचे आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. आज यांतले बरेचसे नाहीत. मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. रेमंडच्या जागेवर आणि कोलशेत रस्त्यावर टोलेजंग इमारती आल्या. जिथे पाळीचा भोंगा वाजे तिथे आता लिफ्ट वरखाली जाते. धाग्याचे युग संपले, असा आपला समज होतो. पण ते संपलेले नाही. धागा बारीक झाला आहे, इतकेच.

किती बारीक? माणसाचा केस साधारणपणे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. ज्याला नॅनोतंतू म्हणतात तो शंभरापासून पाचशे नॅनोमीटरपर्यंत. दोनशे नॅनोमीटर जाडीचे चारशे धागे शेजारी शेजारी ठेवले तर एका केसाची रुंदी भरते. मी कागदावर एक त्रैराशिक मांडले. नायलॉनसारख्या पदार्थाचा असा धागा एक ग्रॅम घेतला, तर त्याची लांबी सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर भरते. म्हणजे दीड ग्रॅम धाग्याने पृथ्वीला वेढा घालता येईल. आणि त्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग अठरा चौरस मीटर, चाळीतल्या एका खोलीच्या जमिनीएवढा! चिमूटभर मालाला खोलीभर अंग. या धाग्याचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

हा धागा काढतात कसा, ते पाहू. रेयॉनची रीत आपल्या माताभगिनींना चटकन कळेल. दिवाळीत सोऱ्यातून शेव पाडतात, तसे घट्ट द्रावण बारीक छिद्रांतून दाबून बाहेर काढायचे. पण छिद्र किती बारीक करणार? एका मर्यादेपलीकडे ते तुंबते. म्हणून येथे दाबण्याऐवजी ओढण्याची युक्ती केली आहे. बहुवारिक, ज्याला आपण पॉलिमर म्हणतो, ते एखाद्या द्रावकात विरघळवतात आणि सुईच्या टोकाशी आणतात. सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युत्-दाब देतात. आपल्या घरातला दाब दोनशे तीस व्होल्टचा असतो. टोकावरचा थेंब विजेच्या ओढीने शंकूसारखा निमुळता होतो, त्यातून एक धार सुटते, ती चाबकासारखी हवेत फटकारे मारीत ताणली जाते, वाटेतच द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी जाळी जमते. याला विद्युत्-कताई म्हणावे.

ही युक्ती नवी नाही. जर्मनीच्या आन्तोन फोर्महाल्स यांना १९३४ साली तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्याच दशकाच्या अखेरीस सोव्हिएत रशियात अशा तंतूंच्या हवा गाळणाऱ्या जाळ्या बनू लागल्या. त्या शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले. पण एका सुईतून तासाला निघणार किती माल? कारखान्याला तो पुरेना. त्यावर तोडगा निघाला चेक देशातल्या लिबेरेत्स या जुन्या कापडगावी. तिथल्या तंत्रविद्यापीठात ओल्द्रझिख यिरसाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईच काढून टाकली आणि द्रावणात फिरणाऱ्या रुळावरून असंख्य धारा एकदम उडवल्या. गिरणगावाने आपल्या जुन्या विद्येतून नवी विद्या काढली, हे आपण ठाणेकरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. बाळकुमकरांना तो सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जून २०२० मध्ये इथेच, साकेतजवळ, महापालिकेचे सुमारे हजार खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले. तिथे परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार ज्या मुखपट्टीच्या भरवशावर पाळी करीत होते, तिचे मर्म मधल्या पांढऱ्या थरात असते. नेहमीच्या मुखपट्टीत त्या थराचे तंतू एकदोन हजार नॅनोमीटर किंवा त्याहून जाड असतात आणि त्यांच्यावर विजेचा भार ठेवलेला असतो, तो सूक्ष्म कणांना खेचून धरतो. स्पिरिट लागले की तो भार जातो आणि मुखपट्टी दुबळी होते. नॅनोतंतूंची जाळी मात्र मुख्यतः बारकाईच्या बळावर कण अडवते. कानपूरच्या आयआयटीच्या आश्रयाने निघालेल्या एका छोट्या उद्योगाने त्या साथीत अशा मुखपट्ट्या केल्या. पाणी गाळणे, जखम बांधणे, औषध हळूहळू सोडणे अशी इतरही कामे या जाळीकडून करून घेतात.

आता दुसरा पदार्थ, संमिश्र. आपले आजोबा भिंतीच्या मातीत भाताचा तूस कालवीत, तेही संमिश्रच. जपानात टोयोटाच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात नायलॉनमध्ये एक विशिष्ट माती कालवली, पण तिचे पापुद्रे एकेक सुटे करून. एक पापुद्रा फक्त एक नॅनोमीटर जाड. शंभरात पाच भागांहूनही कमी माती; पण पूर्वी पासष्ट अंश उष्णतेला वाकणारे नायलॉन एकशेचाळीस अंशांच्या वर टिकू लागले.

याहून नवलाचे ते प्रतिसादी पदार्थ. एक बहुवारिक असे आहे की बत्तीस अंशांखाली ते पाणी पिऊन फुगते आणि त्याच्यावर गेले की पाणी टाकून आकसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जेलांवर पुष्कळ काम केले. तुटलेले तुकडे धातूच्या आयनांच्या मदतीने पुन्हा सांधणारे जेलही त्यांनी २००६ मध्ये दाखवले. असा पदार्थ जाड असेल तर त्याला फुगायला वेळ लागतो. जाडी दहापट कमी केली तर वेळ शंभरपट कमी होतो. म्हणून त्याचाच नॅनोतंतू केला की प्रतिसाद पाहता पाहता मिळतो. धागा आणि प्रतिसाद यांची सोयरीक अशी जमते.

मंडळी, इथवर मी शास्त्रज्ञांचे कौतुक केले आणि ते मनापासून केले. आता माझ्या धंद्याकडे वळतो.

कार्बन डायसल्फाइड नावाचे एक द्रव आहे. पॅरिसच्या देल्पेश या डॉक्टरांनी १८५६ मध्येच लिहून ठेवले की रबराच्या कामात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांचे मज्जातंतू आणि मेंदू बिघडतात. १८९२ मध्ये इंग्लंडात व्हिस्कोस रेयॉनचा शोध लागला आणि त्यात हेच द्रव वापरले गेले. रेयॉन कामगारांत हृदयविकाराने मरणारे अधिक आहेत, हे ब्रिटिश डॉक्टरांनी आकड्यांनिशी दाखवले ते १९६८ मध्ये. १८५६ आणि १९६८! विष ठाऊक झाल्यापासून त्याची पुरती मोजदाद व्हायला एकशेबारा वर्षे लागली. मधल्या काळात जगाने रेशमी साड्या नेसल्या आणि कताई खात्यातल्या माणसाने वाफ हुंगली. कोरियातल्या वोन्जिन रेयॉनची कथा तर अशी की यंत्रे जपानातून जुनी होऊन आली, शेकडो कामगार या विषाने आजारी पडले, १९९३ मध्ये कारखाना बंद झाला आणि तीच यंत्रे पुढे चीनला विकली गेली. यंत्राला पासपोर्ट मिळतो. आजारी कामगार मागे राहतो.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने या विषबाधेची गणना सरकारला कळवण्याच्या रोगांत केली. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. पण कायद्याच्या परिशिष्टात रोगाचे नाव असणे वेगळे आणि कामगाराच्या केसपेपरवर ते येणे वेगळे. एका कारखान्याचे नाव मी घेत नाही. तिथले कताईवाले मला सांगत की पाळी संपवून बाहेर पडले की रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात, डोळे उघडवत नाहीत. हे कताईतल्या दुसऱ्या वायूचे, हायड्रोजन सल्फाइडचे, नेहमीचे लक्षण. त्यांच्या कागदावर मात्र लिहिलेले असे: डोळे आले.

आता विद्युत्-कताईकडे परत या. मघाशी मी म्हणालो, वाटेतच द्रावक उडून जातो. उडून जातो कुठे? द्रावणात शंभरात दहा भाग बहुवारिक आणि नव्वद भाग द्रावक, हे प्रमाण सर्वसाधारण आहे. म्हणजे एक किलो धागा निघतो तेव्हा नऊ किलो वाफ निघते. पुष्कळदा तो द्रावक डायमिथाइल फॉर्मामाइड असतो. त्याने यकृत बिघडते, आणि तो श्वासातून जातो तसा हाताच्या कातडीतूनही शिरतो. शिवाय द्रावक बहुधा पेट घेणारे आणि शेजारी हजारो व्होल्टची वीज. प्रयोगशाळेत दिवसाला चार ग्रॅम माल निघतो तेव्हा खिडकीचा पंखा पुरतो. तीन पाळ्यांत मण-मण माल निघू लागला की तो पुरणार नाही.

संमिश्रांचीही एक गोष्ट आहे. बळकटी आणण्यासाठी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या घालतात. २००८ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवले की लांब, ताठ नळ्या उंदरांच्या पोटात घातल्यावर ॲस्बेस्टॉससारखीच इजा करतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने शिफारस केली की आठ तासांच्या पाळीत एक घनमीटर हवेत ही धूळ एक मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी. मी भीती घालत नाही. जाळीत पक्का बसलेला धागा आणि मोकळी उडणारी धूळ यांत फरक आहे. तुमची मुखपट्टी निर्धास्त वापरा. धोका असतो तो कोरडी पूड पिंपात ओतणाऱ्याला, कडा कापणाऱ्याला, आणि रात्री यंत्राखालचा कचरा झाडणाऱ्या कंत्राटी बाईला, जिचे नाव बहुधा हजेरीपटावरही नसते.

म्हणून यंत्र येऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ते यावे, आणि ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात यावे. इथे रसायनाची जाण असलेले हात रिकामे आहेत. पण ते येताना तीन गोष्टी घेऊन यावे. पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाने काम भागत असेल तर विषारी द्रावक नको. जिथे तो हवाच, तिथे यंत्र बंदिस्त असावे आणि वाफ पकडून परत वापरावी. ही विद्या रेयॉनच्या धंद्याने उशिरा का होईना पण आत्मसात केली आहे, तेव्हा ती अशक्य म्हणता येणार नाही. दुसरे, पूड कोरडी हाताळू नये. ती आधीच द्रवात किंवा दाण्यांत कालवून आणावी. तिसरे, कामगाराला त्याच्या भाषेत सांगावे की पिंपात काय आहे.

आणि एक शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा विषय घेतला. बहुवारिकात कार्बनचे कण कालवले की त्यांच्या साखळीतून वीज वाहते. द्रावकाची वाफ लागली की बहुवारिक फुगते, कण दुरावतात आणि विजेला अडथळा वाढतो. या तत्त्वावर वास ओळखणारी साधने १९९० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झाली. असा बिल्ला कामगाराच्या छातीवर लावता येईल. वाफ वाढली की तो सांगेल, बाहेर हो. तशीच दुसरी जाळी ताण पडला की विजेचा अडथळा बदलते. ती सदऱ्यात शिवली तर कामगार किती वेळा वाकला, किती वेळ टेकला, हेही कळेल. कापडाला जाणीव आली खरी. पण ते निरोप कोणाला देणार? वाफेची खबर कामगाराला द्यायची, की त्याच्या विश्रांतीची खबर मुकादमाला? पदार्थ तोच, विद्या तीच. हा निर्णय प्रयोगशाळेत होत नाही. तो कराराच्या टेबलावर होतो, आणि तिथे कामगाराचा माणूस बसलेला असला पाहिजे. बिल्ल्याची नोंद प्रथम कामगाराच्या हाती पडेल, आणि तिच्या आधारे कोणाची रोजी कापली जाणार नाही, एवढे कलम आजच लिहून ठेवावे. यंत्र बसल्यानंतर ते लिहिणे जड जाते.

रेयॉनच्या वेळी आपल्याला एकशेबारा वर्षे लागली. या वेळी विषाची माहिती आणि नवा धागा एकाच दशकात आपल्या हाती आले आहेत. तेव्हा ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. या सभागृहात अभियंते आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त कामगार आहेत, आणि ज्यांची मुले उद्या अशा कारखान्यांत जातील असे आईबापही आहेत. नोकरीचा कागद घरी आला की पगाराचा आकडा वाचण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न जरूर विचारा: तिथली हवा कुठे जाते?