बालशल्यचिकित्सेचा प्रारंभ प्रसूतिगृहात



लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती, असा समज समाजात रूढ आहे. शल्यचिकित्सेच्या क्षेत्रात हा समज प्राणघातक ठरतो. अडीच किलो वजनाच्या नवजात बाळाच्या देहात सुमारे दोनशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभर रक्त असते. त्यातील चार चमचे सांडले तरी ती हानी मोठी होते. खोलीत थोडा गारवा आला तरी बाळाचे अंग थंड पडू लागते. म्हणूनच बालशल्यचिकित्सा ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. आपल्याकडे एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे एम.एस. आणि त्यापुढे तीन वर्षे एम.सीएच. अशी साधना झाली की सामान्यतः असा तज्ज्ञ तयार होतो. असे तज्ज्ञ थोडे आहेत आणि बहुतांश मोठ्या शहरांत आहेत. बालके मात्र वाड्यावस्त्यांवरही जन्मतात.

तेच व्यंग, वेगळे प्राक्तन

या विसंगतीचे मोल किती, हे २०२१ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. पोट व अन्नमार्गाशी संबंधित जन्मजात व्यंगे असलेल्या ३,८४९ बालकांची नोंद ७४ देशांतील २६४ रुग्णालयांत घेण्यात आली. श्रीमंत देशांत शंभरातील सुमारे ६ बालके दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २० आणि गरीब देशांत ४०. पोटाच्या भिंतीतील छिद्रातून आतडी बाहेर येण्याच्या व्यंगात तर ही दरी भयावह आहे. गरीब देशांत अशी शंभरातील ९० बालके गेली. श्रीमंत देशांत दोनही नाहीत.

या मृत्यूंशी जोडलेल्या गोष्टी या अभ्यासाने नोंदविल्या आहेत. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला असणे, कृत्रिम श्वासाची किंवा शिरेतून पोषण देण्याची सोय नसणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी सुरक्षिततेची तपासणी-सूची न वापरणे, या त्यांतील प्रमुख. म्हणजे कुशल हात जितका हवा, तितकीच त्याच्या आधीची व नंतरची व्यवस्था हवी.

पहिल्या काही तासांचे ज्ञान

या व्यवस्थेचा पहिला दुवा म्हणजे बाळाला प्रथम हाती घेणारी परिचारिका. बाळाच्या तोंडातून सतत फेस येतो आणि पाजताना ते ठसकून निळे पडते, तेव्हा अन्ननलिका अखंड नसल्याची शंका घ्यावी. तोंडातून घातलेली नळी दहा सेंटिमीटरच्या आसपास अडली की ती शंका दृढ होते. अशा बाळाला पाजू नये; डोके उंच ठेवून, लाळ ओढून घेत मोठ्या रुग्णालयात पाठवावे. नवजाताची उलटी हिरवी असेल, तर आतड्यात अडथळा नाही हे सिद्ध होईपर्यंत ती तातडीची बाब मानावी. गुदद्वार आहे की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. जन्मताच नीट पाहण्याची सवय लागते. बाहेर आलेली आतडी स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात ठेवून बाळ उबदार राखले, तर पुढील शल्यचिकित्सकाला काही करता येते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा हेतू हाच आहे. प्रसूतिस्थळी आरोग्य कर्मचारी, घरोघरी आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी व शाळांत फिरती पथके यांनी मुलांची तपासणी करावी, अशी त्याची रचना आहे.

अल्प साधने, उत्तम उपचार

प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा जिल्हा रुग्णालयाचा. गुदद्वार नसलेल्या अनेक बाळांवर पूर्ण दुरुस्ती पहिल्याच दिवशी करावी लागत नाही. पोटावर शौचाचा तात्पुरता मार्ग काढून दिला की प्राण वाचतात. प्रशिक्षित सामान्य शल्यचिकित्सक व कुशल भूलतज्ज्ञ असतील, तर हे जिल्ह्यातही होऊ शकते. पुढील नाजूक दुरुस्ती तज्ज्ञाने काही आठवड्यांनी वा महिन्यांनी करावी. या दुरुस्तीची आज जगभर वापरली जाणारी पद्धत मेक्सिकोतील डॉ. आल्बेर्तो पेन्या यांनी १९८० च्या सुमारास विकसित केली.

तज्ज्ञ घडविण्याचा धडा आफ्रिकेने दिला आहे. १९९९ साली स्थापन झालेले पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेचे शल्यचिकित्सक महाविद्यालय तेथील मान्यताप्राप्त रुग्णालयांतच प्रशिक्षण देते. शिकणारा आपल्याच लोकांत राहून शिकतो.

साधनांच्या बाबतीत भारताचे योगदानही अभिमानास्पद आहे. मेंदूत पाणी साठलेल्या बालकांना बसवावयाची, उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे तयार होणारी छाब्रा शंट तेव्हा सुमारे ३५ डॉलरला मिळत असे. तिच्याशी तुलना केलेली पाश्चात्त्य शंट ६५० डॉलरची होती. युगांडातील १९५ बालकांवरील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका वर्षानंतर दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वस्त वस्तू कसोटीला उतरली, हे त्यातील सार होय.

समाजाचा वाटा

उष्ण प्रदेशातील काही शस्त्रक्रिया मुळात टाळता येण्याजोग्या आहेत. जंतांच्या गुंत्याने अडलेले आतडे किंवा विषमज्वराने छिद्र पडलेले आतडे यांचे मूळ अस्वच्छ पाण्यात व उघड्यावरील शौचात आहे. शुद्ध पाणी, शौचालय आणि वेळच्या वेळी जंतनाशक गोळी यांनी जे साधते, त्याची सर शस्त्राला येत नाही.

आणि एक काम कुटुंबांचे आहे. व्यंग घेऊन मूल जन्मले की 'ग्रहण पाळले नाही' असे म्हणत आईला दोष दिला जातो. या दोषारोपाला शास्त्राचा कोणताही आधार नाही. त्याचा परिणाम मात्र खरा असतो : बाळ लपविले जाते, दिवस वाया जातात आणि जंतुसंसर्ग आधी पोहोचतो. पोटावर शौचमार्ग असलेल्या मुलाची निगा महिनोन् महिने राखणाऱ्या मातेला टोमण्यांऐवजी मदतीचा हात हवा असतो. शहरात उपचारासाठी आलेल्या अशा कुटुंबाला निवारा, दोन वेळचे जेवण आणि पुढच्या तपासणीची आठवण देणे कोणत्याही वस्तीतील कार्यकर्त्याला शक्य आहे. शल्यचिकित्सकाच्या हाती बाळ वेळेवर सोपविणे हे समाजाचे कर्तव्य आहे. ते पार पडले, तरच त्या हातांचे कौशल्य सार्थकी लागेल.