बंगाली कॅम्पातला दाखला



आपल्या चंद्रपुरात ऑटोवाल्याला 'बंगाली कॅम्प' म्हटलं की तो पुढं काही विचारत नाही. कॅम्प म्हणजे तात्पुरता मुक्काम. पक्की घरं झाली, नातवंडं कॉलेजात गेली, नाव मात्र कॅम्पच राहिलं.

१९६४ च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात, खुलना आणि ढाक्याकडं, दंगली पेटल्या. हिंदू कुटुंबं सीमा ओलांडून आली. पश्चिम बंगालनं नव्या लोकांना जागा नाही म्हटलं. मग रायपूरजवळचा माना कॅम्प आणि तिथून कोरापुट, बस्तर, आपला तेव्हाचा चांदा जिल्हा. नदी-खाडीच्या मुलखातला माणूस सागवानाच्या रानात येऊन पडला. आज चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत विवेकानंदपूर, सुंदरनगर अशी त्यांची गावं आहेत. पाण्याची सवय सुटली नाही. मिळेल त्या तळ्याबोडीत त्यांनी मासळी सोडली. ते रान रिकामं नव्हतं, हेही इथं सांगितलंच पाहिजे. गोंड आणि माडियांना कुणी विचारलं नव्हतं.

मुलचेऱ्याकडं एका आजींनी ट्रंकेतून एक कागद काढला. सीमेवर मिळालेली चिठ्ठी, 'बॉर्डर स्लिप'. घड्यांवर विरलेली, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. मी वाचत होतो तोवर आजींनी पिशवीचं टोक हातातून सोडलं नाही.

कागदावाचून या लोकांचं पान हलत नाही. आदिवासी नसलेल्यानं वनहक्क मागितला, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. १९३० साली आजोबा कुठं होते? खुलन्यात धान लावत होते.

त्याहून मोठं दुखणं जातीच्या दाखल्याचं आहे. या वसाहतींत नमशूद्र पुष्कळ आहेत. पश्चिम बंगालात ती अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत तिचं नाव नाही. फाळणीनं हाकललेला, सरकारनं स्वतः इथं आणून बसवलेला माणूस राज्य बदललं म्हणून दलित राहत नाही, हा न्याय मला पटत नाही.

आणि हे महाराष्ट्रात व्हावं! १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाता आलं नाही. तेव्हा नमशूद्र नेते योगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून त्यांना निवडून दिलं. फाळणीत बाबासाहेबांची ती जागा गेली, तशी या माणसांची घरंही गेली. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. ज्यांच्या मतांवर बाबासाहेब घटनेच्या कामाला पोचले, त्यांच्याच समाजाची नातवंडं आज आपल्या तहसील कार्यालयातून रिकाम्या हातानं परत जातात.

बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला याच गावात दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत आपण दीक्षाभूमीवर जमतो, निवेदनं लिहितो, सह्या करतो. यंदाच्या निवेदनात नमशूद्रांच्या दाखल्याची मागणी घाला, आणि पहिली सही चंद्रपूरकराची असू द्या, एवढंच माझं मागणं आहे.