शब्द ही वडिलोपार्जित मिळकत नव्हे

(कायद्याच्या प्रवेशपरीक्षेस बसू इच्छिणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या सभेत दिलेले भाषण)



बारावीनंतर बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जावयाचे तर 'क्लॅट' ही परीक्षा द्यावी लागते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या राज्यातील तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वाट याच परीक्षेतून जाते. पालक मला सांगतात, "वकीलसाहेब, पोरगी हुशार आहे, पण इंग्रजी शब्द अडतात." या अडचणीचाच आज विचार करावयाचा आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप ध्यानात घ्या. १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात व चुकलेल्या प्रत्येक उत्तरास पाव गुण वजा होतो. २०२० पासून सुटे शब्द देऊन अर्थ विचारण्याची रीत मागे पडली व प्रश्न उताऱ्यांवर येऊ लागले. इंग्रजीचा उतारा सुमारे ४५० शब्दांचा असतो. चालू घडामोडी, कायदा व तर्क हे विभागही उतारे वाचूनच सोडवावे लागतात. म्हणजे शब्द अडला की केवळ इंग्रजीचा विभाग अडत नाही, सारी प्रश्नपत्रिकाच अडते. आणि बाजारात मिळणारी हजारो शब्दांची यादी तोंडपाठ करून हे काम भागणार नाही, हेही तितकेच खरे.

ते का भागणार नाही? 'डिसॅबिलिटी' हा एकच शब्द घ्या. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्यातून उद्भवणारी कोणतीही 'डिसॅबिलिटी' लादणे हा अपराध ठरविला. यादीत या शब्दापुढे 'अपंगत्व' असा अर्थ लिहिलेला सापडेल. तो येथे लावला तर अनुच्छेदाचा अर्थच हरवेल. येथे डिसॅबिलिटी म्हणजे शरीराची उणीव नव्हे. माणसाला आपला हक्क बजावता येऊ नये म्हणून इतरांनी घातलेली आडकाठी, असा तिचा अर्थ आहे. 'सँक्शन' या शब्दाचेही तसेच आहे. कर्जाच्या कागदावर त्याचा अर्थ मंजुरी होतो, तर एका राष्ट्राने दुसऱ्यावर सँक्शन लादले असे वाचाल तेव्हा त्याचा अर्थ निर्बंध होतो. कोणता अर्थ घ्यावयाचा हे यादी सांगत नाही, वाक्य सांगते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, शब्द एकटा उचलू नका. तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह वहीत उतरवून घ्या. आधी वाक्यावरून अर्थाचा अंदाज बांधा आणि मगच शब्दकोश उघडा. परीक्षेत शब्दकोश जवळ नसतो, हा अंदाजच जवळ असतो.

दुसरी सूचना, शब्दाचे कूळ शोधा. कर्ता, कृती, कार्य, कर्तव्य हे शब्द एकाच घरचे आहेत, हे मराठी मुलास सांगावे लागत नाही. इंग्रजीतही अशी घरे आहेत. 'डिक्ट' या लॅटिन अंशात बोलण्याचा अर्थ आहे. त्यावरून प्रेडिक्ट म्हणजे आधी सांगणे, कॉन्ट्रॅडिक्ट म्हणजे विरुद्ध बोलणे, व्हर्डिक्ट म्हणजे मुळात 'खरे बोललेले', अर्थात निर्णय, आणि जुरिस्डिक्शन म्हणजे कायदा सांगण्याचा अधिकार. एक अंश कळला की चार शब्द हाती येतात.

तिसरी सूचना उजळणीची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग करून १८८५ साली असे दाखविले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने विसरले जाते. तेव्हा आजचा शब्द उद्या पाहा, आठवड्याने पाहा, महिन्याने पुन्हा पाहा. रोज पाच शब्द घ्या आणि रविवार केवळ उजळणीस ठेवा. आठवड्याचे तीस होतात व पन्नास आठवड्यांचे दीड हजार. तेही वाक्यासह आणि कुळासह.

वाचावे काय? वाचनालयातील इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख रोज वाचा. त्याबरोबर संविधानाची इंग्रजी प्रत व तिचे मराठी भाषांतर शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद दोन्ही भाषांत वाचा. एका भाषेत अडलेला शब्द दुसरी भाषा समजावून देईल.

आता पालकांस दोन शब्द. आम्हांस इंग्रजी येत नाही, मग आम्ही काय करणार, असे म्हणू नका. आईने वहीतील मराठी अर्थ वाचावा आणि मुलीने इंग्रजी शब्द सांगून त्याचे वाक्य करावे. आईस वाचता येत नसेल तर धाकट्या भावाने वाचावे. रोज दिव्याखाली पंधरा मिनिटे पुरेत.

ज्या घरांत तीन पिढ्या पुस्तके आहेत, त्या घरांतील मुलांच्या कानांवर हे शब्द आपोआप पडतात, आपल्या मुलांच्या पडत नाहीत. हा भेद खरा आहे, परंतु तो बुद्धीचा भेद नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीकांना अक्षरओळख नव्हती. तरी समन्स, जामीन, अपील, वारस हे शब्द त्यांना ठाऊक होते. ते त्यांनी कोणत्या यादीतून घेतले? जमिनीच्या तुकड्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविताना, गरज पडली म्हणून, ते त्यांनी मिळविले. निरक्षर माणूस गरजेपोटी जे करू शकला, ते बारावीपर्यंत शिकलेल्या त्याच्या नातीस अशक्य आहे, असे कोण म्हणेल?

वकिलीत मी नित्य पाहतो की, दस्तऐवजातील एका शब्दाच्या अर्थावर कोणाचे घर राहते आणि कोणाचे जाते. तो शब्द वाचणारा आपल्या घरात नसेल, तर त्याचा अर्थ दुसराच कोणीतरी आपल्यासाठी ठरवील. शब्द वारसाहक्काने मिळत नाहीत. ज्याने कमावले त्याचेच ते होतात, आणि त्यावर कोणास जप्ती आणता येत नाही. तेव्हा घरी जाताना एक शंभरपानी वही घ्या व पहिले पाच शब्द आज रात्रीच लिहा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.