ज्याचं गाणं त्याच्या नावावर

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्स भागात सेजविक अव्हेन्यूवर १५२० क्रमांकाची इमारत आहे. तिथं राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिनं इमारतीतल्या सामायिक खोलीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठरवला. निमंत्रणं हातानं लिहिली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असं तिकीट ठेवलं आणि तबकड्या वाजवायला भावाला बसवलं. तबकडीत नुसता ताल वाजतो तो तुकडा नाचणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडतो, हे या भावानं हेरलं होतं. पुढे एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तोच तुकडा हवा तेवढा लांबवू लागला. हा भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. हिपहॉपची जन्मतारीख म्हणून जग आज हीच तारीख मानतं.

चार आण्यांच्या त्या तिकिटाला पुढे किती मोल आलं बघा. २००७ साली ही इमारत विकली जाण्याची आणि भाडी आवाक्याबाहेर जाण्याची वेळ आली. भाडेकरू उभे राहिले, कूल हर्क त्यांच्या बाजूनं आला. आमची इमारत हिपहॉपचं जन्मस्थान आहे, असं त्यांनी सांगितलं आणि राज्याच्या वारसा खात्यानं ते मान्य केलं. एवढ्यानं लढा संपला नाही, पुढेही बरीच वर्षं ओढाताण चालली. पण गरीब भाडेकरूंच्या हातात सांगण्यासारखं काहीतरी होतं. कोण, कुठे आणि केव्हा, या तीन गोष्टी कुणीतरी जपल्या होत्या.

आज मला बोलायचं आहे ते आपल्या मुंबईतल्या हिपहॉपविषयी, आणि त्यातल्या या तीन गोष्टी कोण जपतंय याविषयी. हिपहॉप म्हणजे फक्त रॅप नव्हे. तबकड्या वाजवणं, तालावर शब्द म्हणणं, ब्रेक डान्स आणि भिंतीवरची चित्रं अशी त्याची चार अंगं मानतात. आपल्याकडे ऐकू येतं ते मुख्यत: शब्दांचं अंग. जानेवारी २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणानं 'नेझी' या नावानं 'आफत' हे गाणं आणलं. ते त्यानं आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलं होतं आणि चित्रणही त्यावरच केलं होतं. २०१५ मध्ये अंधेरीचा डिव्हाइन आणि नेझी यांचं 'मेरे गली में' आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला आणि ज्यांनी कधी रॅप ऐकलं नव्हतं त्यांच्याही घरात हा शब्द पोचला. कॅमेरे आले, जाहिरातवाले आले. नंतर त्यातले बरेचजण गेलेही. मुलं मात्र अजून लिहीत आहेत. धारावीत, गोवंडीत, मुंब्र्यात, कल्याणात.

अशाच एका मुंब्र्याच्या मुलाची गोष्ट सांगतो. वय अठरा-एकोणीस. म्हणाला, "चाचा, चाळीस गाणी होती." मी विचारलं, "होती म्हणजे?" लोकलच्या गर्दीत फोन गेला, त्याबरोबर गाणीही गेली. "पण पाठ आहेत ना," असं म्हणून त्यानं चार म्हणून दाखवली. पाचवं अर्ध्यावर अडलं. तो हसला, पण मला काही हसू आलं नाही. आमच्या पिढीच्या शायराजवळ निदान एक बयाज असायची, गझलांची वही. कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली, पण असायची.

आता कुणी म्हणेल, पोरांची गाणी ती, जपायची कशाला? १८९१ साली पोवाड्यांचाही एक मोठा संग्रह छापला गेला. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते ॲक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी तो सिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडी असलेलं त्यांनी कागदावर आणलं. त्या काळीही पोवाडा म्हणजे काही प्रतिष्ठितांच्या बैठकीतली चीज नव्हती. आज आपण त्याला वारसा म्हणतो, कारण कुणीतरी वेळेवर कागद पुढे ओढला.

म्हणून जे कुणी या मुलांसाठी काही करू इच्छितात, मग ते शिक्षक असोत, ग्रंथपाल असोत, पत्रकार असोत की हौशी चित्रणकार, त्यांच्यासाठी पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, ज्याचं गाणं त्याच्या नावावर. इथं चांगलं उदाहरण आपल्याच घरात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या 'लोकगीत, कवी अज्ञात' अशा नोंदवल्या नाहीत. कोणत्या बाईनं, कोणत्या गावात ही ओवी म्हटली, ते बरोबर लिहिलं. म्हणूनच आज 'पारी' या संकेतस्थळावर ओवी ऐकताना त्या बाईचं नावही भेटतं.

उलट उदाहरण हिपहॉपच्या जन्मगावचं आहे. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' हे गाणं जगभर गाजलं. त्यातल्या एका गायकानं ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या वहीतल्या ओळी घेतल्या होत्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझचं टोपणनावसुद्धा अक्षरं सुटी सुटी करून त्यात म्हटलं गेलं. आणि गाण्याच्या श्रेयात कॅझचं नाव नव्हतं! आपल्याकडे शाहीर कवनाच्या शेवटी आपलं नाव गुंफतो, शायर मक्त्यात तखल्लुस घालतो. सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार. त्याच्या लावण्या आज त्याच्या नावानं ओळखल्या जातात त्या या रिवाजामुळंही. पण नाव कवनात असून भागत नाही, ते कागदावरही लागतं, हे कॅझच्या अनुभवानं कळतं. म्हणून शब्द कुणाचे, ताल कुणी बांधला, चित्रण कुणी केलं, तारीख आणि जागा कोणती, हे प्रत्येक गाण्यासोबत लिहा. नाव मुलगा स्वत: सांगेल तेच.

दुसरी गोष्ट, भाषा धुऊन काढू नका. या मुलांच्या एका कडव्यात मराठी, हिंदी, दखनी आणि इंग्रजी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. काहीजण तर गुजराती किंवा तमिळही घेऊन येतात. 'बंटाय'सारखा शब्द आला की त्याचा अर्थ म्हणणाऱ्यालाच विचारा आणि त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. शिव्या येतात, त्या खोडू नका. बाईवरून दिलेली शिवी मला स्वत:ला खटकते आणि ते मी मुलांना तोंडावर सांगतो. पण सांगणं वेगळं आणि नोंदीतून पुसून टाकणं वेगळं. आणखी एक. "रॅप म्हणजे आपला पोवाडाच," असं सभेत म्हटलं की टाळ्या मिळतात. साम्य आहेच. पण ही मुलं ब्रॉन्क्सची गाणी ऐकून शिकली, हे लपवू नये. जिथं खरा सांधा जुळला, तिथं तो दाखवावा. 'स्वदेशी' या मुंबईच्या गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं, तेव्हा आरेत राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यांच्यासोबत होते. असे सांधे शोधावेत. ते ओढूनताणून जोडू नयेत.

तिसरी गोष्ट, आधी विचारा, मग यंत्र सुरू करा. ही मुलं रागात बोलतात, आणि रागाला कधीकधी किंमत मोजावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. तेव्हा ध्वनिमुद्रण कुणाला ऐकवायचं, केव्हा, आणि कुणाला मुळीच नाही, हे गाणाऱ्यानं ठरवायचं. मूल अल्पवयीन असेल तर आईबापांशी बोला. जो पाठीशी उभं राहतो म्हणतो, त्याच्या ओळखीत एखादा वकीलही असावा.

चौथी गोष्ट, पैशाचं आणि कागदाचं सांभाळा. "तुला प्रसिद्धी मिळेल" हे मानधन नव्हे. मुलाला गायला बोलावलंत तर गाडीभाडं आणि मानधन ठरवून द्या. करार पुढे आला तर सहीआधी कुणीतरी वाचून दाखवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटच्या कायद्यात गीतकार-संगीतकाराला मोठा आधार आहे. हक्क कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही, मग कागदावर काहीही लिहून घेतलेलं असो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. कॉपीराइट मिळायला नोंदणीची सक्ती नाही, पण वाद झाला की पुरावा मागतात. तारीख घातलेली वही हा पुरावाच. म्हणजे पहिल्या गोष्टीत सांगितलेली नोंद इथं मुलाच्या पोटाला उपयोगी पडते. नोंद ठेवणं एक काम आणि मदत करणं दुसरं, असं मी मानत नाही ते यासाठीच.

पाचवी गोष्ट, जे येत नाहीत त्यांच्याकडे आपण जावं. मुलं गोल करून उभी राहतात आणि पाळीपाळीनं म्हणतात, त्याला ती 'सायफर' म्हणतात. हा गोल बहुधा संध्याकाळनंतर जमतो, आणि त्या वेळी मुलींना घराबाहेर पडू देत नाहीत. मग नोंदीत मुलीच नाहीत आणि लोक म्हणतात, मुली रॅप करत नाहीत. करतात. कल्याणची डी एमसी आहे, गोवंडीची सानिया आहे, 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा तर सगळा मुलींचाच गट आहे. दुपारी तीनला वाचनालयाची खोली उघडून द्या, आणखी मुली येतील. खोली, पंखा, एक माइक आणि कुणीतरी विश्वासाचं माणूस. एवढ्यावरही पुष्कळ होतं.

श्रोतेहो, हे सगळं आजच का, तेही सांगतो. 'स्वदेशी'चाच धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, गुजरातीत रॅप करायचा. 'गली बॉय'मधल्या 'इंडिया ९१' या गाण्यात त्याचा आवाज आहे. मार्च २०२२ मध्ये तो गेला. वय २४. त्याची गाणी आहेत, कारण मित्रांनी ती जपली. पण ज्याचं गाणं कुठल्याच चित्रपटात आलं नाही, अशा मुलाचं काय उरेल?

आणि माणसांसारख्याच गल्ल्याही जातात. धारावीचा पुनर्विकास सुरू झाला आहे. घरं चांगली मिळावीत, नळाला पाणी यावं, असं कुणाला वाटणार नाही? पण ज्या नाक्यावर पहिला सायफर जमला, ज्या भिंतीपुढे पहिलं चित्रण झालं, तो नाका आणि ती भिंत नव्या नकाशात सापडणार नाही. आज त्या जागेवर उभं राहून मुलं सांगू शकतात, "इथं." काही वर्षांनी त्यांना बोट दाखवायला जागा नसेल.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं २००७ पासून हिपहॉपचा संग्रह सांभाळला आहे. सुरुवातीच्या कार्यक्रमांची हातानं काढलेली पत्रकं, छायाचित्रं, ध्वनिफिती तिथं आहेत. आपल्याला लगेच एवढं मोठं जमणार नाही, आणि त्याची वाट बघत बसायचंही कारण नाही. तुमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक जाड वही ठेवा. गाण्याची एक प्रत तिथं, एक दुसऱ्या ठिकाणी, आणि सगळ्यात पहिली प्रत ज्याचं गाणं त्याच्या हातात. वही कुणाची, हे मुलांनी ठरवावं. वाचनालयानं ती सांभाळावी.

मुंब्र्याच्या त्या मुलाची चार गाणी आता लिहिलेली आहेत. पुढचं पान कोरं ठेवलंय, वर फक्त त्याचं नाव आणि तारीख आहे. पाचवं आठवलं की तो येणार आहे.