राक्षसी चाकांची बिनतारी गाडी



मुलांच्या हातीं हल्लीं एक निराळ्या प्रकारचें वाहन दिसूं लागलें आहे. त्याचें अंग मालमोटारीचें, पण चाकें अंगाच्या मानानें अवाढव्य. त्याला सारथी नाहीं, आणि ओढावयास दोरीहि नाहीं. पन्नास पावलांवर उभा असलेला मुलगा हातांतील पेटीचा चाप ओढतो आणि तें वाहन दगडधोंड्यांवरून उड्या घेत धांवूं लागतें. बाजारांत त्याला ‘मॉन्स्टर ट्रक’ म्हणतात. आपण त्याला राक्षसी गाडी म्हणूं. नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांत या गाडीविषयीं एक प्रश्न हटकून निघतो. ज्या वयांत मुलानें प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करावयाचा, त्या वयांत या खेळापायीं वेळ आणि पैसा कां दवडावा? प्रश्न रास्त आहे. माझ्या मतें त्याचें उत्तर ती गाडी विकत आणली कीं घरीं बांधली, यावर अवलंबून आहे. विकत आणलेली गाडी हें खेळणें होय. स्वतः बांधलेली, मोडलेली आणि विचार करून पुनः उभी केलेली गाडी ही मात्र शाळा होय. ती कशी, हें आज सांगावयाचें आहे.

बिनतारी लहरींनीं दूरचें यंत्र हालवावें, ही कल्पना जुनी आहे. १८९५ सालच्या सुमारास जगदीशचंद्र बसु यांनीं कलकत्त्यास अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नौका दुरून चालवून दाखविली. राक्षसी चाकांची कथा त्या मानानें अलीकडची. अमेरिकेंतील सेंट लुई भागांत राहणारे बॉब चँडलर यांनीं आपल्या फोर्ड गाडीला मोठमोठीं चाकें बसविलीं, तिचें नांव ‘बिगफूट’ ठेविलें, आणि १९८१ सालीं तिच्याखालीं जुन्या मोटारी चिरडून दाखविल्या. पुढें अशा गाड्यांस ६६ इंच व्यासाचीं चाकें रूढ झालीं. तीं मूळचीं शेतांत खत पसरणाऱ्या यंत्रांचीं. ओल्या रानांत रुतूं नयेत म्हणून रुंद आणि मऊ केलेलीं. ज्या चाकांकडे आज लोक तमाशा म्हणून पाहतात, तीं शेतकऱ्याच्या अडचणींतून जन्मलीं आहेत. १९८७ सालीं जपानच्या तामिया कंपनीनें मूळच्या एकदशांश आकाराची जी बिनतारी राक्षसी गाडी काढली, तिचें नांवहि ‘क्लॉड बस्टर’, म्हणजे ‘ढेकळें फोडणारी’, असें होतें.

आतां या गाडीच्या पोटांत काय असतें तें पाहूं. हातांतील पेटी लहरी पाठविते. गाडींतील रिसीव्हर त्या ग्रहण करतो. पूर्वीच्या पुष्कळ गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालत. ती लहर सुमारें ११ मीटर लांबीची, म्हणून पेटीला लांबलचक दांडी लागे. आणि दोन मुलें एकाच लहरीवर आलीं कीं एकाच्या चापानें दुसऱ्याची गाडी धांवे. हल्लींच्या बहुतेक पेट्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ही लहर साडेबारा सेंटिमीटरची असते. प्रत्येक पेटी आपल्या रिसीव्हरला संकेतानें ओळखते, त्यामुळें एका मैदानावर अनेक गाड्या सुखानें चालतात. रिसीव्हरचा हुकूम दोघांना जातो. एक स्पीड कंट्रोलर. तो मोटारीला किती वीज द्यावयाची तें ठरवितो. दुसरी सर्व्हो, ती पुढचीं चाकें वळविते. सर्व्होकडे सेकंदास सुमारें ५० वेळां विजेचा एक ठोका जातो. ठोका दीड सहस्रांश सेकंद टिकला तर चाकें सरळ राहतात. एक सहस्रांश टिकला तर एका अंगास, आणि दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या अंगास वळतात. एवढ्याशा काळाच्या फरकांत सगळें सारथ्य सामावलेलें आहे.

बांधणीचा आरंभ सांगाड्यापासून करावा. तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनिअमचा पत्रा, कानस, करवत, ड्रिल आणि नट-बोल्ट एवढ्या साहित्यांत सांगाडा घरीं होतो. आंस आणि बुश आपल्या गांवचा लेथवाला कातून देईल. दांतेरी चाकें मात्र विकतच घ्यावीं, कारण त्यांचे दांते केसभर चुकले तरी तीं एकमेकांना खाऊन टाकतात. दोन दांत्यांमध्यें कागदाच्या घडीइतकी फट ठेवावी. पहिली गाडी साधी, हळू आणि जड झाली तरी हरकत नाहीं. ती चालली पाहिजे, आणि मोडली तर कां मोडली तें कळलें पाहिजे.

खरें शिक्षण यापुढें, बदल करावयास घेतल्यावर, सुरू होतें. समजा, ९ सेंटिमीटर व्यासाचीं चाकें काढून मुलानें १५ सेंटिमीटरचीं बसविलीं. गाडी रुबाबदार दिसूं लागली, पण चढावर ती अडते आणि मोटार तापते. असें कां व्हावें? मोटारीची पिळवटण्याची शक्ति होती तेवढीच राहिली, परंतु तिला आतां अधिक लांबीच्या त्रिज्येवर काम करावें लागतें. म्हणून जमिनीवर पडणारा रेटा पूर्वीच्या शेंकडा ६० इतकाच उरला. उपाय काय? मोटारीवरील लहान दांतेरी चाक २० दांत्यांचें असेल तर तें काढून १२ दांत्यांचें लावावें; रेटा पूर्वीइतका होतो. पण त्याबरोबर वेगहि पूर्वीइतकाच होतो, हें ध्यानांत ठेवावें. मोठ्या चाकांनीं फुकट वेग मिळेल ही आशा येथें संपते. बाजारांतील भाजीप्रमाणें यंत्रशास्त्रांतहि वरून घातलेली कोथिंबीर शेवटीं हिशेबांत धरलेली असते!

गोष्ट येथेंच थांबत नाहीं. मोठें चाक वळविण्यास सर्व्हो अपुरी पडते. मोठी सर्व्हो घातली कीं ती अधिक वीज ओढते, रिसीव्हरची वीज क्षणभर कमी पडते आणि गाडी बावचळते. मग त्याकरितां वेगळी सोय करावी लागते. गाडीची उंची वाढल्यानें ती वळणावर कलंडते, म्हणून चाकांमधील अंतर वाढवावें लागतें. प्लॅस्टिकचा आंस तुटला म्हणून पोलादी घातला, तर दुसऱ्या दिवशीं दांतेरी चाकाचे दांते उडतात. दुबळेपणा नाहींसा होत नाहीं. तो शेजारच्या घरीं मुक्कामास जातो. म्हणून शहाणा कारागीर सर्वच भाग पोलादी करीत नाहीं. घरांतील विजेच्या फ्यूजप्रमाणें एक स्वस्त आणि सहज बदलतां येणारा भाग तो मुद्दाम नरम ठेवितो, म्हणजे मोडावयाचें तें तेथें मोडतें. हा विचार मुलाला स्वतःहून सुचला, त्या दिवशीं गाडीचा खर्च वसूल झाला असें समजावें.

आणि मग येते आपली जमीन. परदेशच्या मैदानाकरितां आखलेली गाडी गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यांत जशीच्या तशी चालत नाहीं. आपली काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें आकसते. वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लहान चाक त्यांत अडकून आंस मोडतो. पहिला पाऊस झाला कीं तीच माती चाकांना थरांवर थर चिकटते, आणि चाक रबराचें कीं मातीचें तें ओळखूं येत नाहीं. शेतकरी अशा वेळीं औत घालीत नाहीं. तो वापसा येण्याची वाट पाहतो. आपल्या गाडीनेंहि तेंच करावें. तरीहि ओल्या रानांत जावयाचेंच असेल, तर चाकावरील खुंट खोल आणि विरळ असावे, म्हणजे माती झडते. चाकांतील स्पंज पाणी पितो. त्याकरितां रबराच्या मध्यरेषेवर बारीक भोंकें पाडावीं, म्हणजे चाक फिरूं लागतांच पाणी बाहेर फेकलें जातें. एक चाक चिखलांत नुसतें गरगरतें आणि दुसरें स्वस्थ बसतें, हा डिफरन्शियलचा स्वभाव होय. त्यांत घट्ट सिलिकॉन वंगण भरल्यास दोघांना काम वांटलें जातें. तें अजिबात जखडून टाकूं नये, नाहीं तर वळतांना आंसावर ताण येतो. मुरमाड माळावर मात्र हीच गाडी आनंदानें धांवते. प्रत्येक वेळीं एकच बदल करावा, त्याचा परिणाम वहींत लिहावा, आणि मगच दुसऱ्यास हात घालावा. एकदम चार बदल करणाऱ्यास गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हें कधींच कळत नाहीं.

आतां वडीलधाऱ्यांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट सांगतों. या गाड्यांतील लिथियम बॅटरी अल्प वजनांत पुष्कळ शक्ति सांठविते. आणि चुकीनें हाताळल्यास ती पेट घेते. तिचा प्रत्येक कोश पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्टचा असतो; त्यापुढें तो भरूं नये, आणि ३ व्होल्टच्या खालीं उतरूं देऊं नये. ती भरण्यास तिच्याकरितांच केलेला चार्जर वापरावा. अंथरुणावर किंवा लांकडी कपाटांत ठेवून कधीं भरूं नये. भरत असतां घरांतील मोठें माणूस जवळ असावें. फुगलेली बॅटरी पुनः वापरूं नये. बंद मोटारीच्या डिकींत ती उन्हांत ठेवणें, विशेषतः आपल्याकडील मे महिन्यांत, धोक्याचें आहे.

दुसरा धोका वेगाचा. दोन कोशांच्या जागीं तीन कोशांची बॅटरी लावली कीं वेग सुमारें दीडपट होतो, पण आघात सव्वादोनपट होतो. साडेतीन किलोची गाडी तासीं ३६ किलोमीटर वेगानें घोट्यावर आदळणें आणि तेवढेंच वजन पांच मीटर उंचीवरून पडणें, हीं दोन्हीं सारखींच. म्हणून रस्त्यावर, जनावरांत किंवा लहान मुलांच्या घोळक्यांत ती चालवूं नये. प्रथम पेटी सुरू करावी, मग गाडी. बंद करतांना प्रथम गाडी, मग पेटी. आणि खेळण्यापूर्वी एकदां चाकें अधांतरीं उचलून पेटी बंद करून पाहावी. लहर तुटतांच मोटार थांबली पाहिजे. न थांबली तर ती गाडी मैदानावर नेण्यास अद्याप लायक झालेली नाहीं.

हें सर्व केवळ खेळापुरतेंच उपयोगी आहे काय? पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनें ‘दक्ष’ नांवाचें बिनतारी वाहन तयार केलें, आणि २०११ सालीं त्याची पहिली तुकडी भूदलाला मिळाली. तें ५०० मीटर अंतरावरून चालवितां येतें, जिने चढतें, आणि संशयित बॉम्ब उचलून निकामी करतें. त्यांतहि बॅटरी, मोटार, चाकें आणि लहर हींच सामग्री आहे. आणि तेथें चाक घसरलें किंवा लहर तुटली, तर एखाद्या जवानाला त्या बॉम्बपाशीं स्वतः जावें लागतें. आमच्या नभोवाणी-बांधवांचाहि या विद्येशीं संबंध आहे. आशिया-पॅसिफिक प्रदेशांतील प्रसारणसंस्थांच्या संघाची ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानवांची विद्यार्थी-स्पर्धा २००८ आणि २०१४ सालीं पुण्यास भरली होती. नांदेडांत तर श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था १९८१ सालापासून आहे. वाट दूरची नाहीं.

लातूरनें परीक्षेंत गुण मिळविण्याची जी शिस्त घालून दिली, ती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण छापील प्रश्नाचें उत्तर कोठेंतरी छापलेलेंच असतें. चिखलांत अडकलेल्या गाडीचें उत्तर कोठेंहि छापलेलें नसतें; तें हातांनीं शोधावें लागतें, आणि चुकलें तर गाडी तत्काळ सांगते. तेथें कोणाची शिफारस चालत नाहीं, कीं पाठांतर चालत नाहीं. म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच. आठवड्यांतून एक दुपार, घरांतील एक जुनें टेबल आणि एक कोरी वही मुलाला द्या. नवीन गाडी मागितली तर आधीं जुनीची वही पाहावयास मागा. ती वही भरत चालली असेल, तर वेळ वायां जात नाहीं असें खुशाल समजा.