स्वल्प खर्चाची सहल : विजापूरच्या निमित्ताने
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात शैक्षणिक सहलींविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. सहलीचे महत्त्व आपणां सर्वांस पटलेले आहे. ते पुन्हा सांगून मी आपला वेळ घेणार नाही. ज्या प्रश्नापाशी आपण दरवर्षी अडतो, त्या एकाच प्रश्नाविषयी मला बोलावयाचे आहे. तो प्रश्न पैशाचा होय. सहलीची वर्गणी वर्गात जाहीर होते, आणि दुसऱ्या दिवसापासून तीनचार मुलांची उत्तरे आपल्या कानी येऊ लागतात. कोणाला गाडी लागते, कोणाच्या घरी नेमके त्याच दिवशी कार्य निघते, कोणाला सहलीची मुळी हौसच नसते. या उत्तरांचा अर्थ आपणांस कळतो. मूल खोटे बोलत नसते. ते आपल्या आईबापांची अब्रू राखीत असते. अशा मुलास मागे ठेवून निघालेली सहल शैक्षणिक म्हणावी काय, हा आजचा विचाराचा विषय आहे.

या बाबतीत माझ्या विद्यार्थिदशेतील एक अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. अध्यापक विद्यालयात शिकत असताना, १९९३ सालच्या जानेवारीत, आम्ही पाच मित्रांनी सोलापूरहून विजापूर पाहावयास जाण्याचे ठरविले. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. आमच्यापैकी एकाचे वडील मागावर काम करीत. बेत ऐकून तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मला परत आल्यावर सांगा." एकाने लगेच सुचविले, की त्याचा खर्च आपण चौघांनी वाटून घ्यावा. सूचना चांगल्या मनाची होती. परंतु आमच्यातील वयाने थोरल्या मित्राने ती मानली नाही. तो म्हणाला, "असे केले तर तो आपला पाहुणा होऊन येईल, मित्र होऊन नव्हे. त्याच्यापाशी किती आहेत ते विचारू आणि तेवढ्यातच सगळे जाऊ." त्याच्यापाशी पंचाहत्तर रुपये जमण्याजोगे होते. तोच आमच्या सहलीचा आकडा ठरला.

आकडा ठरल्यावर सहल त्यात कशी बसवावयाची, याचा विचार आम्ही केला. एकास खजिनदार नेमले व प्रत्येकाचे पैसे त्याच्या स्वाधीन केले. कोणी वेगळा खर्च करावयाचा नाही, असा नियम केला. घरून कडक भाकरी, शेंगाचटणी व गूळ घेतला. या शिदोरीवर दोन दिवसांची न्याहारी भागली. मुक्काम धर्मशाळेत केला. शहरात वाहन केले नाही. परत आल्यावर वही पाहिली, तेव्हा दरडोई हिशेब असा निघाला : प्रवास ४४ रुपये, मुक्काम ५, खानावळीतील दोन वेळचे जेवण १६, किरकोळ ४, एकूण ६९ रुपये. उरलेले सहासहा रुपये वाटून घेतले. बरोबरीच्या वर्गणीतून उरलेले पैसे बरोबरीने परत घेताना त्या मित्राच्या मुद्रेवर जे समाधान दिसले, ते चौघांनी दिलेल्या देणगीने खास दिसले नसते.

आता, खर्च कमी केला म्हणून पाहण्यात काही उणे पडले काय? मुळीच नाही. उलट पायी हिंडल्यामुळे ते शहर आम्हांस नीट कळले. गोलघुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६ पर्यंतची. आतील दालन चौरस असून त्याची एक बाजू सुमारे १३५ फूट आहे. आम्ही ती पावलांनी मोजली व क्षेत्रफळ काढले. ते अठरा हजार चौरस फुटांवर गेले. एवढ्या जागेत मध्ये एकही खांब नाही. चौकोनी भिंतींवर वाटोळा घुमट कसा बसविला असेल, या प्रश्नावर आमचा बराच वाद झाला. शेवटी एकाने बाहेरच्या मातीत काडीने एक चौरस काढला व त्यावर तिरपा फिरवून दुसरा चौरस काढला. आठ कोनांची आकृती झाली आणि तिच्या पोटात अष्टकोन दिसू लागला. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी अशाच रीतीने उभारून कारागिरांनी चौकोनाचे वर्तुळ साधले आहे. भूमितीच्या पुस्तकात जे आम्ही पाठ केले होते, ते तेथे दगडात उभे होते.

कोपऱ्यातील सात मजली मनोऱ्याच्या जिन्याने वर गेले, की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. तेथे एका बाजूस भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललेला शब्द समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येतो. ध्वनी वक्र भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो, म्हणून असे घडते. मोठ्याने टाळी वाजविली, तर तिचे प्रतिध्वनी एकामागून एक येत राहतात. ध्वनीच्या परावर्तनाचा यापेक्षा चांगला पाठ कोणत्या प्रयोगशाळेत मिळेल?

दुसऱ्या दिवशी शहराच्या पश्चिम अंगास गेलो. तटाच्या बुरुजावर मलिक-ए-मैदान ही तोफ आहे. ती १५४९ साली तेव्हाच्या अहमदनगरात ओतली गेली. वजन सुमारे पंचावन्न टन. १८५४ साली इंग्रजी अंमलात निरुपयोगी सामान म्हणून ती लिलावात निघाली व सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची झाली. तेथील मामलेदारास ही किंमत फार थोडी वाटली. लोकांची त्या तोफेवर श्रद्धा आहे हेही त्यास ठाऊक होते. त्याने वर कळविले व विक्री रद्द झाली. एका कर्तव्यदक्ष नोकराच्या चार ओळींमुळे ती तोफ आज जागेवर आहे. वस्तूची किंमत व वस्तूचे मोल यांतील भेद मुलांना समजावून सांगावयास ही एक हकीकत पुरेशी आहे.

तेथून जवळच इब्राहीम रोजा आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची ही कबर. हिच्या खिडक्यांच्या जाळ्या दगडात कोरलेल्या अक्षरांच्या आहेत. अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतून आत उजेड येतो. शहरात परतल्यावर बारा कमान पाहिली. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर पुरी झालीच नाही, आणि १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर ते राज्यच संपले. याच दरबारात शहाजीराजे सरदार होते आणि याच राज्याच्या महसुली दप्तरात मराठीचा वापर होत होता. २०१४ सालापासून या शहराचे अधिकृत नाव विजयपुर असे असून ते कर्नाटकात आहे. परंतु आपल्या इतिहासाच्या पुस्तकातील कितीतरी पाने त्यावाचून अपुरी राहतात.

बंधुभगिनींनो, या अनुभवावरून आपल्या शाळांसाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी, की ठिकाण आधी व वर्गणी मागून, हा क्रम आपण उलटा करावा. वर्गातील सर्वांत गरीब घरास किती झेपेल, हे पालकांना एकेकटे भेटून समजून घ्यावे व त्या आकड्यात बसेल ते ठिकाण निवडावे. विजापूर झेपत नसेल, तर तालुक्यातील हेमाडपंती देऊळ, जुनी बारव किंवा गढी पाहावी. बारवेच्या पायऱ्या मोजणारे मूल गोलघुमटही नीट पाहील. अलीकडे काही शाळांच्या सहली पाण्याच्या खेळांच्या महागड्या उद्यानांकडे वळू लागल्या आहेत. तेथे मुलांचे मनोरंजन होते, हे खरे. परंतु त्या वर्गणीत किती मुले मागे राहिली, हेही मोजावे.

दुसरी गोष्ट, असलेल्या सवलतींची माहिती घ्यावी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाही. संग्रहालय कोणत्या वारी बंद असते, हेही आधी विचारून घ्यावे. नाहीतर दारावरून परतावे लागते.

तिसरी गोष्ट, हिशेब मुलांच्या हाती द्यावा. सातवीच्या मुलांतून दोन खजिनदार नेमावेत, अंदाजपत्रक फळ्यावर मांडावे व परतल्यावर जमाखर्च वर्गात वाचून दाखवावा. खाऊसाठी आणावयाच्या पैशांसही सर्वांना सारखीच मर्यादा असावी. ती नसेल तर वर्गणीत साधलेली बरोबरी खेळण्यांच्या दुकानापाशी मोडते.

चौथी गोष्ट, इतके करूनही एखादे मूल अडले व गावातील कोणी मदत दिली, तर ती सबंध सहलीच्या खात्यात जमा करावी आणि सर्वांचीच वर्गणी तेवढी उतरवावी. अमक्यास अमक्याने पाठविले, हे वाक्य शाळेत उच्चारले जाऊ नये.

पाचवी गोष्ट, जाण्यापूर्वी प्रत्येक मुलास एक प्रश्न द्यावा व त्याचे उत्तर पाहून, मोजून किंवा विचारून आणावयास सांगावे. मग परतल्यावर ठरीव निबंध लिहून घेण्याची गरज उरत नाही. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, मुलींबरोबर शिक्षिका व प्रत्येक थांब्यावर शिरगणती, या बाबतीत मात्र खर्चाची काटकसर कधीही करू नये.

सहलीस गेलेल्या मुलाने काय पाहिले, ते काही वर्षांनी पुसट होते. सहलीस न गेलेल्या मुलास तो दिवस मात्र जन्मभर आठवतो. म्हणून यंदाची यादी तयार कराल, तेव्हा तिच्यात नसलेली नावे आधी वाचावीत, एवढी विनंती आहे.