उंटावरून शाळा



आपण लहानपणी उंट पाहायचो तो माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. मराठीत मात्र तो फार आधीच मुरला. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत उष्ट्रखाना होता. फारसीत उंट म्हणजे शुतुर. त्याच्या पाठीवरून डागायची लहान तोफ ती शुतुरनाल. आपल्या जुन्या कागदांत तिची झाली सुतरनाळ. सुताचा त्यात धागाही नाही! पेशवाईत तातडीचं पत्र सांडणीस्वार न्यायचा, म्हणजे वेगवान उंटिणीवरचा स्वार. आमच्या प्रोग्रॅमिंगमध्येही शब्द जोडताना मधलं अक्षर मोठं करतात, वशिंडासारखं दिसतं म्हणून त्याला ‘कॅमल केस’ म्हणतात.

लोकांच्या बोलण्यात मात्र थट्टा झाली ती उंटावर बसलेल्याची. उंटावरचा शहाणा. उंटावरून शेळ्या हाकणारा.

आपल्या ग्रुपवर शाळेच्या गळक्या छपराची चर्चा पुणे, हैदराबाद, दुबईहून जोरात चालते. वर चढून फुटके पत्रे मोजले ते कंधारमध्येच राहिलेल्या आपल्या मित्रांनी. ती यादी त्यांच्या खिशात आहे. जेवणानंतर मी त्यांच्यासोबत छप्पर बघायला जाणार आहे. शिडी एकच आहे, पण खाली धरायलाही माणसं लागतील. कोण कोण येतंय?